एका शिट्टीला एकच काम

सरांच्या शिट्टीपासून सुरुवात करते, कारण गावात त्यांची ओळख तीच होती. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या माणसाला शिट्टी कशाला लागते, ही तक्रार खेळाच्या सरांनी थेट प्राचार्यांपर्यंत नेली होती. त्यांची कबड्डीची पोरं मैदानावर आणि आमचा वर्ग त्याच मैदानाच्या कडेला, कडुलिंबाखाली. आमच्या सरांनी शिट्टी वाजवली की चढाईला गेलेला गडी दम सोडून उभा राहायचा आणि आयता पकडला जायचा. प्राचार्यांनी दोघांना समोर बसवलं. खेळाचे सर म्हणाले, शिट्टी ही आमच्या विभागाची वस्तू आहे. आमचे सर म्हणाले, "तुमची शिट्टी थांबवायला असती. माझी चालवायला असती. दोनीचा संबंध न्हाई." यावर निर्णय काय झाला ते कुणालाच कळलं नाही, पण पुढे कबड्डीची पोरं आमची शिट्टी वेगळी ओळखायला शिकली. ती आखूड असायची. एका शिट्टीला एकच काम, हा सरांचा कायदा.

काम म्हणजे असं. आमच्या तालुक्याच्या गावात दिवसा वीज असली तर असली. वीज नसली की बाकीचे मास्तर स्टाफरूममध्ये बसत. आमचे सर उलट खूश होत. प्रोग्राम आधी कागदावर लिहायचा आणि मग अख्ख्या वर्गाने मैदानात जाऊन तो अंगाने चालवायचा. व्हेरिएबल म्हणजे एकेक पोरगं किंवा पोरगी, ओंजळीत सीताफळाच्या बिया. जितक्या बिया तितकी त्याची किंमत. एकाने अट तपासायची, एकाने बेरीज करायची, एकाने उत्तर ओरडून सांगायचं. सर मधोमध उभे राहून शिट्टी वाजवणार आणि शिट्टीला एकच पायरी पुढे जाणार. कुणी घाईने दोन पायऱ्या उरकल्या की खेळ पहिल्यापासून. "घाई करायला यंत्र हाय," ते म्हणायचे, "तुमी दमानं घ्या." बियांचा डबा त्यांच्या घरचा होता. सीताफळाच्या मोसमात ते एकटे टोपलीभर फळं खायचे आणि बायकोने काही म्हटलं की सांगायचे, मी कॉलेजचं काम करतोय.

मी या वर्गात कशी आले तेही सांगून टाकते. नणंदेच्या मुलीला घेऊन प्रवेशाच्या रांगेत उभी होते. खिडकीजवळ पोचल्यावर ती म्हणाली, मामी, मला नर्सिंगच करायचंय. एवढा वेळ रांगेत उभं राहिलेलं वाया कशाला घालवायचं, म्हणून मी माझंच नाव घातलं. बारावी सायन्स लग्नाआधी झालेली होती. नवऱ्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. तो म्हणाला, "शिक की. जळाल्यालं दुरुस्त करायला मी हाय." सासूबाईंनी सकाळचा स्वयंपाक आणि दोन्ही पोरांची शाळा अंगावर घेतली. कॉलेज घरापासून चालत जाण्याइतकं जवळ होतं म्हणून हे सगळं जमलं. गावाबाहेर जावं लागलं असतं तर जमलं नसतं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि घरात त्याबद्दल कुणाशी वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

पहिल्या तासाला सरांनी मला दारात पाहिलं आणि म्हणाले, "ताई, पालकांची मीटिंग पुढल्या म्हयन्यात हाय."

"मी विद्यार्थी आहे सर."

त्यांनी चष्मा वर सरकवून माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. "मंग उभ्या कावून? बसा."

वयाचा विषय त्या दिवशी संपला. वर्गातली पोरं मला काकू म्हणायची, सर ताई म्हणायचे, आणि चुकले की दोन्हीकडून सारखंच ऐकून घ्यावं लागायचं.

सर पाली गावाकडचे. उंच, वाळके, पांढरा शर्ट कायम बाहेर काढलेला. खिशात पेनाऐवजी स्क्रू-ड्रायव्हर. त्याने कॉम्प्युटर उघडताना मी त्यांना क्वचित पाहिलं, पाठ खाजवताना रोज पाहिलं. लॅबमध्ये 'येथे खाण्यास मनाई आहे' अशी पाटी होती, ती त्यांनीच लावलेली. त्या पाटीच्या बरोबर खाली, तिच्याकडे पाठ करून, ते डबा खायचे. प्रणिता नावाची नांदूरघाटाहून एसटीने येणारी मुलगी होती, वर्गात सगळ्यात हुशार आणि तोंडाने सगळ्यात फटकळ. ती एकदा म्हणालीच, "सर, पाटी." सर भाकरी मोडत म्हणाले, "मला हितून दिसत न्हाई. तुला दिसती, तू खाऊ नको."

कॉम्प्युटर म्हणजे काय, हे त्यांनी आम्हाला एका वाक्यात शिकवलं होतं. "कॉम्प्युटर म्हंजी नवा जावई." मग बोटं मोडत समजावायचे. जावई स्वतःहून उठून पाणी घेत नाही. 'जेवा' म्हटल्याशिवाय जेवत नाही. 'पुरे' म्हटलं नाही तर जेवतच राहतो. आणि मानपानात एवढीशी कसूर झाली की रुसतो, कशावरून रुसला ते मात्र नीट सांगत नाही. प्रोग्राममध्ये एखादा सेमीकोलन राहिला आणि पडद्यावर लाल अक्षरांची रांग लागली की सर मागून यायचे. "बघ, कुठंतरी टावेल-टोपी द्यायची राह्यली." आपण म्हणायचं, सर, तुम्हीच सांगा ना कुठे. ते म्हणायचे, "मला कावून इचारती? जावई कुणाचा हाय? तुजा. तूच समजूत काढ." आणि निघून जायचे. त्यांनी कुणालाही, कधीही चूक दाखवून दिली नाही. त्या वर्षांत मी त्यांच्यावर जितकी चिडले तितकी घरात कुणावर चिडले नाही. आता मी गावातच बसून पुण्याच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते, आणि ते काम मला तेव्हाच्या चिडण्यातून आलंय हे कबूल करायला हरकत नाही.

सरांचा खरा जावई एकदा कॉलेजात आला होता. आम्ही सगळे त्याला बघायला खिडकीत. तर तो भला माणूस, आल्या आल्या त्याने सरांच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली, माठातून सगळ्यांना पाणी दिलं. तो गेल्यावर प्रणिता म्हणाली, "सर, तुमचा जावई तर सांगितल्याबिगर सगळं करतोय." सर खिन्नपणे म्हणाले, "हौ. त्येच्यात व्हायरस हाय."

बालाजीची गोष्ट सगळ्या कॉलेजात प्रसिद्ध आहे. बालाजी आमच्या वर्गातला, सहा फुटी आणि सांगितलं तेवढंच करणारा. त्याला लूप व्हायचं होतं. म्हणजे कडुलिंबाला एक फेरी मारायची, फेरी झाली की ओंजळीतली एक बी खाली टाकायची, आणि बिया संपल्या की थांबायचं. त्याने स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामात बी टाकायची ओळ राहिली होती. सरांना ते दिसलं असणार. त्यांनी काही न बोलता शिट्टी मारली, आणि त्या दिवशी कायदा मोडून सांगितलं, "आता शिट्टीची वाट बघू नको, अट खोटी होईस्तोवर चाल." बालाजी चालायला लागला. सर चहाला गेले. आमचा पुढचा तास स्टॅटिस्टिक्सचा होता, आम्ही तिकडे गेलो. तास संपवून बाहेर आलो तर बालाजी चालतोच आहे. कबड्डीची पोरं कडेला बसून त्याच्यासाठी टाळ्या वाजवतायत, आणि कॉलेजचे शिपाई, ज्यांना आम्ही मामा म्हणायचो, ते हात जोडून म्हणतायत, "बस कर रे बाबा, चक्कर येऊन पडशील."

"मामा, बिया संपल्या न्हाईत," बालाजी म्हणाला.

"आरं मंग टाक की खाली!"

"तसं लिव्हल्यालं न्हाई."

सर आले तेव्हा त्याचा शर्ट ओला झाला होता. त्यांनी त्याला हाताला धरून थांबवलं, स्वतःच्या पैशाचा उसाचा रस पाजला आणि वर्गाला म्हणाले, "ह्ये पोरगं चुकलं, पण बेईमानी केली न्हाई. यंत्र असंच असतंय." बालाजीने त्या वाक्याचा अभिमान वर्षभर मिरवला. आमच्यापैकी कुणाच्याही प्रोग्रामात ती ओळ पुन्हा राहिली नाही.

आता समितीचं. आमचा कोर्स नवा होता आणि त्याला दोनच वर्षांची मान्यता होती. तिसऱ्या वर्षाची हवी तर विद्यापीठाची समिती येऊन बघून जाणार. समितीने नाही म्हटलं तर तिसरं वर्ष बीडला करायचं. पोरं बीडला खोली घेऊन राहू शकत होती. प्रणिताच्या घरून एक एसटी मान्य होती, बीडसाठी लागणाऱ्या दोन नव्हत्या. आणि माझं तर सांगितलंच. माझी डिग्री बीडला पूर्ण होणार नव्हती. दोन वर्षं शिकून बारावी पासच राहणार होते.

समिती यायच्या दिवशी सकाळी गावाची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. प्राचार्य डगमगले नाहीत, कारण लॅबला मोठा इन्व्हर्टर होता. पण पाहुणे यायचे तर आधी सत्कार, आणि सत्कार म्हटला की हॉलमध्ये पंखे, माईक आणि दोन कूलर. सगळं त्याच इन्व्हर्टरवर जोडलं. स्वागतगीत झालं, शाली झाल्या, नारळ झाले, प्रास्ताविक झालं. संस्थेच्या अध्यक्षांचं भाषण निम्म्यावर असताना माईक घोगरला आणि कूलर थांबले. समितीला लॅब दाखवायला आणलं तेव्हा एकही पडदा उजळत नव्हता. समितीत दोघं होते. समितीचे अध्यक्ष म्हणजे एक भारदस्त साहेब, अंगावर आमच्याच कॉलेजची शाल, आणि एक मॅडम, ज्या स्वतः कॉम्प्युटर शिकवणाऱ्या होत्या आणि आल्यापासून एकदाही हसल्या नव्हत्या.

"विद्यार्थ्यांना प्रोग्राम चालवता येतात हे आम्ही कशावरून ठरवायचं?" मॅडमनी विचारलं.

प्राचार्य घाम पुसायला लागले. सर म्हणाले, "चला भाईर. चालवून दावतो."

प्राचार्यांनी त्यांच्या शर्टाची बाही धरली. "सर, आज नको. हात जोडतो, आज नको."

"मंग कधी?" सर म्हणाले आणि शिट्टी गळ्यात घातली.

कडुलिंबाखाली रांग लावली. प्रोग्राम सॉर्टिंगचा. रांगेत शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोघांच्या बिया मोजायच्या, डावीकडच्याकडे जास्त असतील तर दोघांची अदलाबदल. असं करत फेऱ्या मारल्या की कमी बियावाला पहिला आणि जास्त बियावाला शेवटचा लागतो. बालाजी तुलना करणारा. मी अदलाबदल करणारी. दोन भरलेल्या हंड्यांतलं पाणी बदलायचं तर तिसरा रिकामा हंडा लागतो, तसं आमच्यासाठी उन्हात चुन्याचं एक वर्तुळ आखलेलं असायचं. एकाला तिथे नेऊन उभं करायचं, दुसऱ्याला त्याच्या जागी सरकवायचं, मग पहिल्याला आणून रिकाम्या जागी.

"साहेब, बघून कळत न्हाई ह्ये," सर समितीच्या अध्यक्षांना म्हणाले. "रांगंत या."

साहेब आले. आता पाहुणा रांगेत उभा राहणार म्हटल्यावर प्राचार्यांनी त्याला पहिली जागा दिली. मामांना शेवटी उभं केलं. मधे प्रणिता आणि आणखी तीन पोरं. आणि बियांचा डबा प्राचार्यांच्या हातात होता. पोरांना त्यांनी दोन-चार, दोन-चार दिल्या, मामांना थोड्या, आणि साहेबांना मात्र आदराने घसघशीत मूठभर. मॅडमच्या भुवया वर गेल्या. आम्हाला सगळ्यांना कळलं, फक्त प्राचार्यांना कळलं नाही. सगळ्यात जास्त मान दिलेला माणूस आता एकेकाच्या मागे जात जात रांगेच्या शेपटाला जाणार होता.

शिट्टी झाली. बालाजीने साहेबांच्या मुठीकडे बघितलं, शेजारच्या प्रणिताच्या दोन बिया बघितल्या, मग प्राचार्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"राहू द्या," तो म्हणाला.

ज्या पोराने लिहिलं नव्हतं म्हणून बी खाली टाकली नाही, ते पोरगं सरळ खोटं बोललं. शिट्ट्या होत राहिल्या. बाकीचे सगळे नीट लागले, मामा मधे आले, आणि साहेब मूठ घेऊन पहिल्या जागी तसेच.

"हे चुकलंय," मॅडम म्हणाल्या.

"नाही नाही मॅडम, बरोबर आहे," प्राचार्य म्हणाले. "साहेब पहिलेच असणार."

"चुकलंय," सर म्हणाले.

सर कुणावर ओरडले नाहीत. माझ्याकडे वळले. "ताई, तुमी कोण हाय?"

"अदलाबदल."

"मंग कावून उभ्या?"

"बालाजी बोललाच नाही, सर."

"बालाजी," सर म्हणाले, "पुन्यांदा मोज. प्रोग्रामात पाव्हणा नसतो, शिपाई नसतो. बिया असत्यात." आणि शिट्टी मारली.

बालाजीने मोजलं. "अदला," तो म्हणाला.

आता माझ्यावर आलं. साहेब चिडले तर तिसरं वर्ष गेलं. चुकीचं उत्तर तसंच ठेवलं तर मॅडमनी ते बघितलंच होतं, तरीही गेलं. दोन्हीकडून जाणारच असेल तर बरोबर उत्तर देऊन गेलेलं बरं, एवढा हिशेब मी केला आणि साहेबांपुढे जाऊन उभी राहिले.

"साहेब, या. इकडं उन्हात उभं राहायचं."

"मी?"

"हो. तुमच्याकडं बिया जास्त आहेत."

साहेबांनी शाल सावरली आणि माझ्यामागून येऊन वर्तुळात उभे राहिले. प्राचार्यांनी डोळे मिटले. प्रणिता पहिल्या जागी, साहेब दुसऱ्या. पुन्हा मोजणी, पुन्हा "अदला," पुन्हा ऊन. तिसऱ्या खेपेला साहेबांना मर्म कळलं. मी बोलवायच्या आधीच ते स्वतःहून वर्तुळाकडे निघाले.

"ओ साहेब!" सर कडाडले. "शिट्टी झाली का? मागं व्हा!"

विद्यापीठाचा तो एवढा मोठा माणूस गप्पकन मागे फिरून आपल्या जागी उभा राहिला. पोरांनी तोंडं दाबून धरली. मामांना मात्र हसू आवरलं नाही, आणि ते बघून साहेबच मोठ्याने हसले. पोट धरून हसले. मग उरलेल्या जागा ते शिट्टी ऐकून, अगदी शिस्तीत पार करत गेले आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

"मला एवढ्या बिया दिल्या कुणी?" त्यांनी तिथून विचारलं. सगळ्यांनी प्राचार्यांकडे बघितलं.

हसल्या नाहीत त्या मॅडमच. त्या पुढे होऊन आमच्या रांगेसमोर आल्या आणि एकेकाला प्रश्न विचारायला लागल्या. रांग आधीच क्रमाने लागलेली असेल तर? प्रणिता म्हणाली, अख्ख्या फेरीत एकही अदलाबदल झाली नाही तर तिथेच थांबायचं, उगाच पुढच्या फेऱ्या कशाला. दोघांकडे सारख्याच बिया असतील तर? बालाजी म्हणाला, हलवायचं न्हाई. तिसरी जागा नसती तर? मी म्हणाले, एकजण हरवला असता. आम्ही त्या जागांवर स्वतः उभे राहिलेलो होतो, त्यामुळे आठवायला काही लागतच नव्हतं. मॅडम बराच वेळ विचारत राहिल्या. शेवटी सरांना म्हणाल्या, "वीज आल्यावर काय करता?"

"मंग थोडा आळस चढतो पोरांना," सर म्हणाले.

समितीची गाडी गेल्यावर आम्हाला वाटलं, सर काहीतरी चांगलं बोलतील. ते माझ्याकडे येऊन म्हणाले, "ताई, एका बारीला तुमी शिट्टीच्या आदी हालल्या." एवढंच. बालाजीला काहीच बोलले नाहीत. त्यामुळे तो दोन दिवस जेवला नाही, असं त्याची आई मला बाजारात सांगत होती.

मान्यता मिळाली. सोबत एक अट होती, लॅबचा इन्व्हर्टर सत्काराच्या हॉलला जोडायचा नाही. घरी सांगितलं तेव्हा सासूबाईंनी फक्त, "मंग अजून एक वर्स?" असं विचारलं, आणि मी हो म्हटल्यावर, "बरं," म्हणून पोरांचे डबे घासायला घेतले.

तिसऱ्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी प्राचार्यांनी सरांचा सत्कार ठरवला. हॉल सजला, स्टाफ जमला. सर आमच्या वर्गात शिकवत होते. मामा बोलवायला आले. सर म्हणाले, "तास चालू हाय." मामा पुन्हा आले. "तास चालू हाय म्हनून सांगा." शेवटी प्राचार्य स्वतः शाल आणि नारळ घेऊन, मागे सगळा स्टाफ घेऊन वर्गात आले. सरांनी त्यांना मागच्या रिकाम्या बाकांकडे हात केला. ते बसले. खेळाचे सरसुद्धा बसले.

सर पुढे शिकवायला लागले. दोन प्रोग्राम एकमेकांची वाट बघत कायमचे अडकून पडतात, त्याला डेडलॉक म्हणतात, त्याचा धडा होता. पुस्तकात तो बराच पुढे आहे, पण सरांनी पुस्तक पहिल्या पानापासून कधीच सुरू केलं नाही. "एका घराच्या दारात दोन पाव्हणे आले," ते म्हणाले. "एक म्हणतो, आदी तुमी. दुसरा म्हणतो, न्हाई न्हाई, आदी तुमी. आत कोण जाईल? सांगा, प्राचार्य साहेब."

प्राचार्य नारळ हातात धरून उभे राहिले. त्यांनी खरंच विचार केला.

"वयानं मोठा असेल तो."

"दोगं एकाच वयाचे हायत."

"मग ज्याचा मान मोठा, तो."

"मान बी सारकाच."

प्राचार्यांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. "मग नाही येत मला, सर."

"बसा," सर म्हणाले आणि फळ्याकडे वळले. "म्हनून ते दोगं अजून भाईरच हायत."

तिसऱ्या वर्षाच्या कोऱ्या वहीत पहिलं वाक्य म्हणून मी तेच उतरवून घेतलं.